मर्सिडीझ ३०० एसएल : गरजेतून घडलेले रूप

महायुद्धातील बाँबवर्षावाने होरपळून निघालेल्या श्टुटगार्ट शहरात डाइम्लर-बेन्झ कंपनीने पुन्हा शर्यतींत उतरण्याची मसलत आरंभिली, त्या वेळी तिच्यापाशी पूर्वीची कीर्ती होती, कसबी माणसे होती. नव्हता तो पैसा. शर्यतीसाठी स्वतंत्र एंजिन घडविणे परवडण्यासारखे नसल्यामुळे, चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या वापरामुळे ज्या भारदस्त ‘३००’ मोटारीला पुढे त्यांचेच नाव चिकटले, तिचेच सहा सिलिंडरांचे तीन लिटर एंजिन घ्यावे आणि त्याच्या वजनाची भरपाई इतरत्र करावी, असे ठरले. ही भरपाई रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने सांगाड्यात साधली. बारीक पोलादी नळ्यांचे त्रिकोण एकमेकांस सांधून त्याने जी चौकट सिद्ध केली, तिचे वजन अवघे पन्नास किलोग्रॅमच्या आसपास भरले.

परंतु बळकटीसाठी या नळ्या दोन्ही बाजूंनी इतक्या उंच आणाव्या लागल्या की, नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. तेव्हा बिजागऱ्या छपरात गेल्या आणि दार पंखासारखे वर उघडू लागले. प्रारंभी ते खिडकीएवढेच होते. १९५२ च्या मिल्ले मिल्या शर्यतीच्या वेळी तपासनिसांनी त्याविषयी शंका काढल्यावर ल मांच्या शर्यतीपूर्वी ते खालपर्यंत वाढविण्यात आले. एंजिन उभे बसविले असते तर बॉनेट उंच झाले असते, म्हणून ते ५० अंशांनी डावीकडे कलते केले. पुढे जगाने ज्याला सौंदर्य म्हणून वाखाणले, त्यातील बराच भाग असा अडचणीच्या पोटी जन्मला आहे. आणि बॉनेटवरील दोन फुगवट्यांपैकी एकच काय तो गरजेचा असून दुसरा केवळ समतोल दिसावा म्हणून आहे, ही लबाडी मला तरी क्षम्यच वाटते.

त्याच वर्षी हेरमान लांग आणि फ्रिट्स रीस यांनी ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. नोव्हेंबरात मेक्सिकोच्या मुलखातील सुमारे तीन हजार किलोमीटरच्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत एक गिधाड भरवेगातील गाडीच्या काचेवर आदळून आत आले आणि शेजारी बसलेला हान्स क्लेंक चेहऱ्यावर जखमी झाला. तरीही तो आणि चालक कार्ल क्लिंग यांनी गाडी दामटली, पुढे काचेसमोर लोखंडी गज बसवून घेतले आणि पहिला क्रमांक मिळविला.

एवढ्या यशानंतरही ही गाडी विक्रीस काढण्याचा कंपनीचा मानस नव्हता. तगादा लावला तो मूळच्या व्हिएन्नाच्या आणि न्यूयॉर्कमध्ये परदेशी मोटारींची आयात करणाऱ्या मॅक्स हॉफमन याने. अमेरिकेतील धनिक मंडळींच्या हौसेची नाडी त्याला अचूक सापडली होती. त्याच्या आग्रहास मान देऊन फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जी ३०० एसएल मांडली गेली, तिचे बाह्यरूप फ्रीडरिश गायगरच्या हाताखाली सिद्ध झाले होते. आणि नवल असे की, ती शर्यतीच्या गाडीहूनही समर्थ होती. कार्बुरेटर काढून टाकून, जर्मन लढाऊ विमानांच्या एंजिनांत पूर्वी वापरात असलेल्या पद्धतीने, बॉशच्या पंपाद्वारे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारण्याची योजना केल्यामुळे, शर्यतीच्या गाडीतील सुमारे १७० अश्वशक्तीच्या जागी येथे २१५ मिळू लागल्या. मागच्या आसातील दंतचक्रांच्या प्रमाणानुसार कमाल वेग ताशी २३५ ते २६० किलोमीटर होई.

हे वैभव उपभोगणे मात्र सोपे नव्हते. आत शिरण्यासाठी स्टिअरिंगचे चाक खाली दुमडावे, रुंद उंबरठ्यावर बैठक मारावी, पाय एकेक करून आत घ्यावेत आणि मग आसनात घसरावे, असा विधी होता. खिडक्यांच्या काचा खाली होत नसत; उन्हात त्या सरळ काढून ठेवाव्या लागत. चावी फिरविल्यावरही एंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारीत राही, ते सिलिंडरावरील तेलाचा थर धुऊन नेई आणि तेल लवकर पातळ होई. मागच्या आसाची रचना तर अशी की, वेगात वळणावर शिरून मध्येच पाय उचलला तर चाकांचा कल बदलून गाडीची शेपूट एकाएकी बाहेर फेकली जाई. कसलेला चालक असता तर गोष्ट निराळी. परंतु हौशी गिऱ्हाइकाला ही गाडी फारशी क्षमाशील नव्हती.

१९५७ मध्ये कूपेचे उत्पादन आटोपले आणि उघड्या टपाची रोडस्टर आली, तेव्हा या तक्रारींचा जणू एकेक अर्ज निकाली काढण्यात आला. बाजूच्या नळ्या दारापाशी खाली उतरविल्यामुळे सामान्य दारे बसली. मागचा आस एकाच खालच्या सांध्यावर झुलविल्याने गाडीचे वळण विश्वासाचे झाले. पेट्रोलची टाकी लहान केल्यावर सामानाला जागा झाली. १९६१ पासून चकतीचे ब्रेकही मिळाले. वजन वाढले खरे, पण प्रवास सुखाचा झाला.

कूपे १,४०० झाल्या, त्यांपैकी २९ हलक्या मिश्रधातूच्या कायेच्या. रोडस्टर १९६३ पर्यंत १,८५८ झाल्या. चित्रांत आणि लिलावांत मान पंखांच्या दारांना मिळतो. परंतु मोटार हे रस्त्यावर चालविण्याचे वाहन आहे असे मानणाऱ्याने निवड करावयाची झाली, तर माझ्या मते त्याने निःशंकपणे रोडस्टरच घ्यावी.