उणेपणाचे नाव

वणी म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्यास लोकनायक बापूजी अणे आठवावेत. १८८० साली तेथे जन्मलेल्या अण्यांनी टिळकांवर 'तिलकयशोर्णवः' हे संस्कृत महाकाव्य रचले. १९७३ साली त्यास मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टिळकांना गणित शिकविणारे केरो लक्ष्मण छत्रे मात्र आपल्या वाङ्मयेतिहासाच्या कडेलाच राहिले. १८६० साली त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' आली आणि लंबवर्तुळाकार कक्षांवर बेतलेले पाश्चात्त्य गणित मराठी पंचांगापर्यंत पोहोचले. ही घटना आम्हांस भाषेच्या इतिहासातलीही वाटते.

'लंबवर्तुळ' म्हणताच ताणलेले, बिघडलेले वर्तुळ डोळ्यांपुढे येते. पाठ्यपुस्तकांतील 'विवृत्त' हा शब्दही वृत्ताचा हात सोडत नाही. ग्रीक नावाची वाट निराळी. अपोलोनिअसने या वक्रास दिलेल्या 'एलिप्सिस' या नावाचा अर्थ उणेपणा. पण वर्तुळाहून उणे असा नव्हे. वक्रावरील बिंदूपासून अक्षावर लंब टाकावा. शिरोबिंदूपासून त्या लंबाच्या पायापर्यंतचे अंतर आणि वक्रागणिक ठरलेली एक लांबी, यांचा आयत करावा. लंबावरचा चौरस या आयताहून कमी भरला तर विवृत्त, बरोबर भरला तर अन्वस्त, अधिक भरला तर अपास्त. गंमत अशी की ग्रीक साहित्यशास्त्रातही हीच तीन नावे आहेत: शब्दलोप, दृष्टान्त आणि अतिशयोक्ती. वाक्यात गाळलेला शब्द वाचक अध्याहृत धरतो, तोही एलिप्सिसच.

दोन खिळे आणि सैल दोरा घेऊन कोणीही विवृत्त काढू शकतो. खिळे एकाच जागी आणले की वर्तुळ मिळते. म्हणजे वर्तुळ हाच विवृत्ताचा एक प्रकार. आपला शब्द हे नाते उलटे सांगतो. त्यात दोष भाषेचा नाही, सवयीचा आहे. आपल्या सिद्धान्तकारांनी ग्रहांची विषम गती साधण्यासाठी वर्तुळावर वर्तुळ चढविले, युरोपातही तेच चालले होते; १६०९ साली केप्लरने मंगळासाठी ते सोडले. त्याच्या कक्षेत सूर्य एका नाभीत असतो, दुसरी रिकामी.

पंचांगात हा बदल निमूटपणे आला नाही. 'बाणवृद्धी रसक्षय' या जुन्या वचनाप्रमाणे तिथी ५४ ते ६५ घटींची. वेधाशी जुळणाऱ्या गणिताने ती ५० ते ६७ घटींपर्यंत जाते. हा फरक एकट्या लंबवर्तुळाचा नव्हे, सूर्याच्या ओढीने चंद्राची कक्षा आणखी वाकते म्हणूनही आहे. पण घरात प्रश्न एवढाच उरे, की एकादशी आज धरायची की उद्या.