सरासरी कशी काढतात? भाऊसाहेबांच्या ४४३ धावांचे गणित

कोल्हापूर : फलंदाजाच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागले, की त्याची सरासरी मिळते. नाबाद डावातील धावा बेरजेत धरल्या जातात. तो डाव मात्र भाजकात येत नाही.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर (१९१९-२०१२) यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ४,८४१ धावा केल्या व ते १०१ वेळा बाद झाले. भागाकार येतो ४७.९३. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध काढलेल्या नाबाद ४४३ धावा वगळल्यास हीच सरासरी ४३.५४ उरते. काठियावाडने सामना सोडून दिल्याने ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी नऊ धावांनी हुकली.

बेसबॉलमध्ये पिचरने दिलेल्या धावांना नऊने गुणून त्याने टाकलेल्या डावांनी भागतात. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यातून वगळल्या जातात. क्रिकेटमधील गोलंदाजाला ही सवलत नाही. झेल सुटल्यानंतरच्या धावाही त्याच्याच नावावर चढतात.

संधीची नोंद मात्र कोणत्याच सरासरीत होत नाही. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.