जुनी गाडी आणि तिची पुस्तकं

जुनी गाडी मूळ रूपात आणायची म्हटलं की आपण आधी पुस्तक शोधतो. ते कोणत्या गाडीबद्दल आणि कोणासाठी लिहिलं, हे मात्र विचारत नाही. फियाट ११००चं उदाहरण घेऊ. इटलीत १९६२ साली आलेल्या ११००-डीचं इंजिन १२२१ सीसीचं होतं. त्याच घाटाची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पुढेही बनत राहिली आणि १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. म्हणजे इटालियन पुस्तक बॉडीसाठी बरंच उपयोगी, पण इंजिनाची मापं त्यातून घेतली की आपण फसलो.

आता पुस्तकांचे प्रकार बघा. वर्कशॉप मॅन्युअल मेकॅनिकसाठी असतं. काय कसं उघडायचं, किती आवळायचं, एवढंच ते सांगतं. पार्ट्स कॅटलॉगमधल्या नंबरांवरून कोणता भाग कधी बदलला, याचा माग लागतो. जाहिरातीचं ब्रोशर गिऱ्हाइकासाठी, त्यामुळे त्यातली गाडी खऱ्या गाडीपेक्षा देखणी. आणि अलीकडच्या चकचकीत पुस्तकांत पुष्कळदा आधीच नव्यानं केलेल्या गाड्यांचे फोटो असतात. एकानं केलेली चूक दुसऱ्यासाठी पुरावा होऊन बसते.

म्हणून आपण गाडीलाही दस्तऐवज मानलं पाहिजे. दाराच्या पॅनलमागे, मॅटखाली मूळ रंग कधी कधी शिल्लक असतो. तो खरवडण्याआधी फोटो काढून ठेवायचे आणि मग पुस्तकाशी ताडून बघायचं. पुस्तक उद्याही मिळेल, पण खरवडलेला रंग परत येणार नाही.