अक्कलकुव्यातला 'क्क'

नंदुरबारच्या बसस्थानकावर तुम्ही अक्कलकुव्याच्या गाडीची पाटी शोधताय. त्या नावातला 'क्क' नीट बघा आणि त्याचंच बोट धरून मागे चला.

साल १८६४. तुम्ही मुंबईत, जावजी दादाजी चौधरींच्या ओतशाळेत उभे आहात. पंचविशीचा हा गडी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, घासायचा. आता तो स्वतः खिळे ओततो. अक्षरं कोरण्याचं काम त्याचे सहकारी राणोजी रावजी आरू यांचं. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा.

पोलादी कांडीच्या टोकावर राणोजी उलटा 'क्क' कोरतायत. एका 'क'च्या पोटाखाली दुसरा 'क', आणि सगळी जागा करंगळीच्या नखाहून लहान. कानशीचा एक हात जास्त फिरला तर वरच्या 'क'ची वाटी बिघडेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. म्हणून श्वास रोखूनच काम चाललंय. मधूनच ते कांडी दिव्यावर धरतात, टोकावर काजळी बसते. ती कागदावर दाबली की सुलटा 'क्क' उमटतो. खालची रेघ जाड वाटतेय? पुन्हा कानस. मन भरलं की पोलादाला पाणी देऊन ठसा कडक करायचा, तांब्यावर ठोकायचा आणि तिथे उठलेल्या खोलगट अक्षरावर साचा बसवून शिसं, अँटिमनी आणि कथलाचा रस ओतायचा. एक खिळा तयार!

१८६९मध्ये जावजींचा निर्णयसागर छापखाना सुरू होतो. पुढे त्याचे संस्कृत ग्रंथ देशभर जातात ते याच सुबक खिळ्यांच्या जोरावर.

पण आता खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यामागे उभे राहा. त्याच्यापुढे शेकडो खण आहेत. नुसत्या मुळाक्षरांनी भागत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि प्रत्येक जोडाक्षराचा खिळा वेगळा. खिळे कमी करावेत तर अक्षराचं रूप बिघडतं, सगळे ठेवावेत तर जुळणी रेंगाळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'केसरी'चे संपादक लोकमान्य टिळकही याच पेचात असतात. राजकारणाच्या धबडग्यातून वेळ काढून ते खिळ्यांची संख्या कशी घटवता येईल याचा हिशोब मांडत बसतात.

तो पेच सुटताना बघायचा तर विसावं शतक सरताना मुंबईत या. इथे र. कृ. जोशी आहेत. कवी, सुलेखनकार, आयआयटीतले प्राध्यापक. त्यांच्या पडद्यावर 'क', हलन्त, 'क' असे तीन संकेत येतात आणि फाँटमध्ये लिहून ठेवलेला नियम त्यांचा एकच 'क्क' करतो. खण नाहीत, रूपही शाबूत. जोशींचा 'मंगल' फाँट विंडोज २०००सोबत घराघरांत, कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला आणि कोट्यवधी लोक देवनागरी त्याच वळणात वाचू लागले.

२९ सप्टेंबर २०१०. तुम्ही पुन्हा नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत. देशातली पहिली आधार कार्डं इथे वाटली जातायत. कार्डावरचं नाव मराठीत आहे. त्या नावात एक मात्रा जरी सरकली, तरी माणूस कागदोपत्री वेगळाच होतो. अक्षर घडवणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, ते इथे कळतं.

आता आजमध्ये या. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फाँट कुणालाही मोफत मिळतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीतला शिक्षकही तो लगेच उतरवून घेऊ शकतो. इथल्या भिली, पावरी, मावची बोलींतली गाणी आणि गोष्टी देवनागरीत लिहिल्या जातायत. तुम्ही त्यांचं पुस्तक काढाल, तेव्हा फाँट घाईने निवडू नका. आधी त्यात 'दऱ्या', 'डोळ्यांत', 'अक्कलकुवा' छापून बघा. आणि चित्रकाराच्या, मुद्रकाच्या नावाशेजारी अक्षर घडवणाऱ्याचंही नाव छापा. राणोजींपासून आजवर हे लोक आपल्या प्रत्येक पानावर हजर आहेत. त्यांचा तेवढा मान आपण राखलाच पाहिजे.