पॅरिश म्हणजे उपऱ्यांचा मुक्काम



बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची नोंद, सभासदांची यादी. सेवेच्या कामात 'पॅरिश' हा शब्द आमच्या तोंडी सारखा येतो. तो ऐकला की ठरलेली हद्द आणि कायमचा पत्ता डोळ्यांपुढे येतो. मुळात मात्र त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता.

इंग्रजीत हा शब्द आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनने घेतला ग्रीक 'पारोइकिया'वरून. 'पारा' म्हणजे शेजारी, 'ओइकोस' म्हणजे घर. गावात राहतो पण गावचा नाही, असा उपरा तो 'पारोइकोस'. 'सिटी' व 'सिटिझन' हे शब्द नागरिक या अर्थाच्या लॅटिन 'किविस'चे वंशज, तर आपले 'पोलीस' ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर या शब्दाचे. हे सगळे हक्कदारांचे शब्द. त्या हक्काची किंमत काय होती, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 22व्या अध्यायात दिसते. सरदाराने मोठी रक्कम मोजून रोमी नागरिकत्व घेतले होते; पौलाला ते जन्मतःच होते, म्हणून त्याचे फटके टळले.

'पारोइकोस'जवळ असे काही नसे. सारा वारली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही जमीन अब्राहामाच्या नावावर नव्हती. 'मी तुमच्यात उपरा आहे' असे म्हणत तो हेथी लोकांपुढे उभा राहिला आणि 400 शेकेल रुपे देऊन त्याने मकपेलाची गुहा व शेत विकत घेतले. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे हाच शब्द आहे. पुढे पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना तोच लावला. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले, तेही एका नगरातल्या उपऱ्यांनी दुसऱ्या नगरातल्या उपऱ्यांना लिहावे तसे. मग मंडळ्या स्थिरावल्या, हद्दी आखल्या गेल्या, आणि उपरेपणाचा शब्द हद्दीचा झाला.

आमच्या यादीत नोकरीसाठी आलेल्या बाहेरगावच्या कुटुंबांची नावे शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली असतात. बदली झाली की खोडायला सोपी, इतकाच हेतू. पण शब्दाच्या जुन्या अर्थाने पाहिले, तर यादीत पहिली यायला हवीत ती हीच. या आठवड्यात आम्ही ती शाईने लिहायला घेतली आहेत.