संगणकातल्या ड्रायव्हरची कुळकथा

सोमवारी सकाळी सहाला एक ड्रायव्हर ट्रक घेऊन निघाला. दहा तास गाडी चालवली, आठ तास विश्रांती घेतली. पुन्हा स्टिअरिंगवर बसला तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. त्यापुढची खेप मंगळवारी संध्याकाळी सहाला सुरू झाली, तिच्यापुढची बुधवारी दुपारी बाराला, आणि गुरुवारी पुन्हा सकाळी सहा. तीन दिवसांत ४० तास ड्रायव्हिंग, आणि प्रत्येक खेपेला झोपेची वेळ सहा तास अलीकडे सरकलेली. यात त्याने एकही नियम मोडला नव्हता. २००४ उजाडेपर्यंत अमेरिकेत हे वेळापत्रक कायदेशीर होतं.

हा ड्रायव्हर खरा नाही. तो मी आत्ता कागदावर रचला. अशाच हजारो ड्रायव्हरांना संगणकात पळवून कामाच्या तासांचे नियम तपासले जातात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. या ड्रायव्हरचं कूळ शोधायला निघालं की दोन घराणी लागतात, एक कायद्याचं आणि एक गणिताचं.

कायद्याचं घराणं जुनं. १९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने अमेरिकेतली आंतरराज्य ट्रकवाहतूक इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच्या हाती दिली, आणि दशक संपायच्या आत कमिशनने तास ठरवले: २४ तासांत ड्रायव्हिंग दहा तास, सलग विश्रांती आठ तास, सात दिवसांत मिळून ६० तासांचं काम. थकवा नेमका किती येतो हे पाहायला खरी माणसं तपासावी लागली. सार्वजनिक आरोग्य सेवेने खऱ्या ड्रायव्हरांच्या चाचण्या घेऊन १९४१ साली अहवाल काढला. पुढे १९६२ मध्ये नियमातून २४ तासांचा हिशेब वगळला गेला. दहा आणि आठ मिळून अठरा, म्हणजे १८ तासांचा दिवस तयार झाला. सूर्य काही १८ तासांनी उगवत नाही, आणि माणसाचं शरीर सूर्याच्या बाजूने असतं.

गणिताचं घराणं आजारपणातून सुरू होतं. १९४६ साली गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम दुखण्यातून उठत असताना वेळ घालवायला एकट्यानेच पत्ते खेळत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणं किचकट. मग शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजलं तर? ही कल्पना त्यांनी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनना सांगितली, लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या अणुगणितांसाठी ती १९४८ मध्ये एनिअॅक संगणकावर चालली, आणि तिला माँटे कार्लो हे जुगाराच्या गावाचं नाव पडलं. ट्रक ड्रायव्हरच्या दृष्टीने यातली खरी देणगी अशी, की जिथे नशिबाचा भाग असतो तिथे एकच उत्तर शोधत बसायचं नाही. डाव पुन्हा पुन्हा मांडायचा.

याच पद्धतीने नॉर्वेत क्रिस्टेन नायगार्ड अणुभट्टीची गणितं हाताने करत होते. पुढे ओले-योहान डाल यांच्यासोबत त्यांनी ऑस्लोत सिम्युला ही संगणकभाषा बांधली. तिच्यात रांगेतलं प्रत्येक गिऱ्हाईक, प्रत्येक वाहन स्वतःचा क्रम स्वतः जगतं. संगणकाचं घड्याळ मिनिटामिनिटाने सरकत नाही, एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारतं. निघाला, पोचला, थांबला, माल चढला, निघाला.

आता ड्रायव्हर हलायला लागला, पण त्याला झोप येत नव्हती. ती दिली झुरिकचे झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी. १९८२ साली त्यांनी झोपेमागच्या दोन प्रक्रिया मांडल्या. एक जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ, दुसरी शरीराच्या घड्याळाचा चढउतार. दोन्हींचे वक्र एकत्र ठेवले की पहाटेच्या तासाला माणूस का पेंगतो हे आकड्यांत दिसतं. सोमवारी निघालेल्या आपल्या ड्रायव्हरचं वेळापत्रक या वक्रांखाली ठेवून पाहा. मंगळवारी सकाळी दहाला त्याची रात्रभराची खेप संपते आणि आठ तासांची झोप मिळते खरी, पण शरीर जागं राहायला सांगत असतं त्या वेळी.

२००४ च्या जानेवारीत नवे नियम लागू झाले: ड्रायव्हिंग ११ तास, विश्रांती १० तास, आणि काम सुरू झाल्यापासून १४ तासांनी ड्रायव्हिंग बंद. नियम करणाऱ्या फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशनने त्यांच्या समर्थनार्थ थकव्याचं गणिती मॉडेलही पुढे केलं. पब्लिक सिटिझन ही नागरिक संघटना कोर्टात गेली. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ११ तासांची तरतूद रद्द केली. मॉडेल कसं बांधलं हे लोकांसमोर वेळेत ठेवलं नाही, त्यावर बोलायची संधी दिली नाही, हे कोर्टाचं मुख्य कारण होतं. संस्थेने ती तरतूद पुढे परत आणली, पण या निकालाचं मोल मला फार वाटतं. माणसाने किती तास जागायचं हे गणित ठरवणार असेल, तर जागणाऱ्याला ते गणित वाचता आलं पाहिजे.

२०१४ साली आस्विन गोएल आणि तिबो विदाल या संशोधकांनी ट्रान्सपोर्टेशन सायन्स या नियतकालिकात मोठी तुलना मांडली. अमेरिका, कॅनडा, युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया यांच्या नियमांनुसार संगणकाने फेऱ्या आखल्या आणि मग खर्च व अपघाताचा धोका मोजला. सर्वांत सुरक्षित ठरले युरोपचे नियम, खर्चात सरस कॅनडाचे. ऑस्ट्रेलियात मात्र खर्चाच्या मानाने धोका विनाकारण जास्त दिसला.

एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते: गोदामाच्या दारातली ताटकळ. १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की वाट पाहण्यासाठी थांबत नाही. ड्रायव्हर सहाला निघाला, आठला गोदामावर पोचला. माल चढायला बारा वाजले तर रात्री आठपर्यंत त्याला एकूण दहा तास चालवता येईल. दोन वाजले तर आठच. अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना पैसे मैलावर मिळतात, आणि १९३८ च्या मजुरी कायद्याने आंतरराज्य ट्रक ड्रायव्हरांना जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलं आहे. म्हणजे गोदामाने खाल्लेला वेळ ड्रायव्हरच्या खिशातून जातो, आणि तो भरून काढायला तो घाई करतो. जुन्या कागदी लॉगबुकांना ड्रायव्हर ‘कॉमिक बुक’ म्हणत, ते खोट्या नोंदींमुळे. तिथे ताटकळही झोप म्हणून लिहिता यायची. मॉडेलमध्ये माल चढायला ठरावीक एक तास धरला तर नियम सुंदर चालतो. उलामच्या पत्त्यांसारखा तो तास दर डावाला बदलू दिला, की वेळापत्रकं कोसळताना दिसतात.

जागणाऱ्याला गणित वाचता यावं, हा प्रश्न नायगार्डसमोर आधीच आला होता. सिम्युला कारखान्यांत पोचल्यावर त्यांना दिसलं की तिच्या आधारे कामाची आखणी होते आहे, आणि ज्यांचं काम आखलं जातंय त्यांना कोणी विचारत नाही. १९७० च्या सुमारास ते नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेकडे गेले. कामगारांसोबत बसून त्यांनी संगणक समजावून सांगणारं पाठ्यपुस्तक तयार केलं.