ड्रेसाज म्हणजे काय आणि त्यात घोडेस्वाराची ‘मांड’ एवढी महत्त्वाची का असते?

बागलाणात लग्नसराई सुरू झाली की वरातीचा घोडा दिसणारच. नामपूर असो की सटाणा, बँडवाल्यांनी सूर धरला की सजवलेला घोडा मान उंचावून जागच्या जागी पाय उचलायला लागतो आणि आजूबाजूचे मोबाईल वर होतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते, तिथे तर घोडे नाचवण्याच्या स्पर्धाही होतात.

त्यामुळे ड्रेसाजचा व्हिडिओ पहिल्यांदा बघितला की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, यात नवीन काय? कोट-टोपी घातलेला स्वार, मागे संगीत आणि तालात पावलं टाकणारा घोडा. हे तर आपल्या वरातीतही असतं.

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने याच खेळात सांघिक सुवर्ण जिंकलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकीर्ती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा असे चौघे संघात होते. चौघांतल्या सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात. अनुषचे ७१.०८८, हृदयचे ६९.९४१ आणि दिव्यकीर्तीचे ६८.१७६ मिळून झाले २०९.२०५. चीन २०४.८८२ वर राहिला. घोडेस्वारीत भारताला आशियाई सुवर्ण मिळालं ते १९८२ च्या दिल्लीनंतर थेट तेव्हाच, म्हणजे ४१ वर्षांनी. पुढे अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवलं.

पण हे गुण नक्की कशाचे? घोडा किती छान नाचला याचे तर नाहीतच.

नाव फ्रेंच, अर्थ साधा

ड्रेसाज या शब्दाचा अर्थ कपड्यांशी जोडलेला नाही. शिकवणं, तयार करणं अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो शब्द आला. घोड्याला शिकवून तयार करणाऱ्या माणसासाठी मराठीत ‘चाबुकस्वार’ हा जुना शब्द आहे. ऐकायला जरा कडक वाटतो, पण काम तेच.

स्पर्धेचं मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असतं. कडेने अक्षरं लावलेली असतात. कोणत्या अक्षरापाशी घोड्याने काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथे वेग वाढवा, इथे तिरकं चाला, इथे थांबा. प्रत्येक कृतीला शून्य ते दहा गुण आणि शेवटी टक्केवारी. थोडक्यात, दहावीच्या पेपरसारखं. अभ्यासक्रम सगळ्यांना माहीत असतो, फरक पडतो तो उत्तर कसं लिहिलंय यावर.

आता वरातीतल्या घोड्याशी खरी तुलना ज्याची होऊ शकते ती कृती म्हणजे ‘पियाफ’. घोडा जागच्या जागी दुडकी चालतो, समोरासमोरच्या तिरक्या जोडीचे पाय एकदम उचलत. (हांगझोऊच्या सांघिक परीक्षेत पियाफ नव्हतं. ते ग्रां प्री या सगळ्यात वरच्या पातळीवर येतं. तिथे उतरायला घोडा किमान ८ वर्षांचा असावा लागतो.)

पियाफ आणि वरातीतला नाच यातला फरक ओळखायचा तर घोड्याचे पुढचे पाय बघू नका, पुठ्ठा बघा. उभा असताना घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. त्यात स्वार बसला की पुढचा भाग आणखी जड होतो. नीट तयार केलेला घोडा पियाफमध्ये मागचे पाय पोटाखाली आणतो, त्यांचे सांधे वाकवतो, पुठ्ठा खाली घेतो आणि त्यामुळे त्याची छाती हलकी होऊन वर येते. पाठ गोल राहते. लगाम ओढून, टोचून किंवा घाबरवून नाचवलेल्या घोड्यात बहुतेकदा उलटं दिसतं: तोंड वर, पाठ खोलगट आणि मागचे पाय मागेच राहिलेले. दोन्हीकडे पाय उचललेले दिसतात, पण एकीकडे घोडा स्वतःचं वजन पेलतोय आणि दुसरीकडे कशापासून तरी सुटायला बघतोय.

हे सगळ्याच वरातीच्या घोड्यांबद्दल म्हणायचं नाही. मायेने शिकवणारे लोकही या धंद्यात असतात. पण बघायचं काय ते कळलं की फरक सेकंदात दिसतो.

मांड

आता मूळ मुद्दा. घोड्याला हे सगळं सांगतं कोण आणि कसं?

स्वार जीनवर कसा बसतो त्याला जगभरच्या प्रशिक्षकांकडे जो शब्द आहे, त्याला मराठीत आधीपासून नेमका शब्द आहे: मांड. ‘मांड ठोकणे’, ‘पक्की मांड’ हे आपण आता मुलाखतीत आणि राजकारणातल्या बातम्यांत वापरतो. मुळात तो घोड्यावरचा शब्द.

बागलाण तालुक्यातलाच साल्हेर किल्ला घ्या. १६७२ मध्ये त्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर या लढाईत होते. घोडदळात स्वतःचा घोडा असलेला शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा बारगीर असे दोन प्रकार. दोघांचीही अडचण एकच: एका हातात भाला किंवा तलवार असली की लगामासाठी एकच हात उरतो, आणि भरधाव घोड्यावर त्या हाताचा आधार घेऊन बसायचं म्हटलं तर दर ढांगेला घोड्याच्या तोंडाला हिसका बसणार. अशा वेळी घोडा वळतो, थांबतो तो अंगाच्या वजनाने आणि पायाने. हात नुसता सोबतीला.

ड्रेसाजची सुरुवात नेमकी इथे होते. शांततेच्या काळात युरोपातल्या दरबारांनी या घोडदळाच्या विद्येची कला केली. फ्रान्सच्या ला गेरिनिएरने १८ व्या शतकात तिचं शास्त्र लिहिलं. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये ते आजही शिकवतात. तिथल्या नव्या शिकाऊ स्वाराला सुरुवातीला लगामही मिळत नाही आणि रिकीबही मिळत नाही. घोडा लांब दोरीवर गोल फिरतो, दोरीचं टोक शिक्षकाच्या हातात आणि स्वार फक्त बसायला शिकतो. महिनोन्‌महिने.

ऐकायला शिक्षा वाटते, पण कारण सरळ आहे. ज्याचा तोल लगामावर असतो, त्याला लगामाने घोड्याशी बोलता येत नाही. बसमध्ये दांडा धरून उभं राहून कुणी मोबाईलवर नीट टाइप करू शकतं का?

नीट बसणं म्हणजे नक्की काय?

बाजूने बघितलं तर स्वाराचा कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि टाच एका उभ्या रेषेत यावी. म्हणजे खालून घोडा अचानक काढून घेतला तर स्वार पायांवर उभा राहील, पाठीवर किंवा तोंडावर पडणार नाही. खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे गेले की तो रेषेतून सुटला.

खाली बसायला आपल्याकडे दोन हाडं असतात. कडक बाकावर हातावर बसून बघा, हातांना टोचतात ती. दोन्हींवर सारखं वजन हवं. एका बाजूला जास्त पडलं की घोडा त्या बाजूला सरकतो, कारण पाठीवरचं ओझं कललं की त्याखाली जाणं हा त्याचा स्वभाव आहे. डोक्यावर हंडा घेतलेली बाई हंडा कलला की त्याच बाजूला पाऊल टाकते, तसंच. नवशिक्याला वाटतं घोडा ऐकत नाही, प्रत्यक्षात घोडा बरोबर ऐकत असतो. सांगणाराच काहीतरी भलतं सांगत असतो.

गुडघ्यांनी घोड्याला आवळून धरणं ही सगळ्यांची पहिली चूक. भीती वाटली की शरीर तेच करतं. पण आवळलं की माणूस कपड्याच्या चिमट्यासारखा वर सरकतो आणि मांड आणखी सुटते. मांडीचं वजन खाली सोडायचं, टाच किंचित खाली, नजर पुढे. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत हात आणि लगाम मिळून एक सरळ रेषा.

आणि यातलं काहीही ताठ नसतं. ही गोष्ट फोटोत कळत नाही. घोड्याच्या चालीला चार ठोके, दुडकीला दोन आणि कँटरला तीन. दुडकीत दर ठोक्याला पाठ वर येते आणि स्वाराला उडवते. स्थिर दिसणारा स्वार प्रत्यक्षात कंबरेतून सतत हलत असतो, फक्त घोड्याबरोबर हलतो म्हणून दिसत नाही. नवशिके ‘स्थिर बसायचंय’ म्हणून अंग घट्ट करतात आणि मग आपटतात. म्हणूनच सुरुवातीला दुडकीत एका ठोक्याला उठायचं, एका ठोक्याला बसायचं अशी उठबस शिकवतात.

हे सगळं फक्त सुंदर दिसण्यासाठी नाही. घोड्याला गळ्याजवळचं हाड, आपण हंसळी म्हणतो ते, नसतं. त्याची छाती पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. वर माणूस धडाधड आपटत असेल तर घोडा पाठ आवळून खाली दाबतो, झोळी सैल पडते आणि दिवसेंदिवस हेच चाललं तर दुखणं जडतं. वाईट मांड म्हणजे घोड्याला पाठदुखी आणि तोंडाला जखम.

पोलिओ झालेली रौप्यपदक विजेती

मांडीवर किती अवलंबून असतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय अधू राहिले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये तेव्हापर्यंत फक्त लष्करी अधिकारीच उतरत, १९५२ ला हेलसिंकीत पहिल्यांदा नागरिकांना आणि महिलांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षी पुरुषांशी स्पर्धा करत तिने रौप्य मिळवलं, १९५६ ला पुन्हा रौप्य. पोटरी आणि टाच वापरता येत नसलेली स्वार घोड्याला हे सगळं सांगत होती ते वजन आणि कंबरेने.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण अगदी अलीकडचं. ब्रिटनची शार्लट दुजार्डिन, ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेली, या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. पॅरिस ऑलिम्पिकच्या काही दिवस आधी, जुलै २०२४ मध्ये, तिने माघार घेतली. शिकवताना ती घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने वारंवार मारत असल्याचा जुना व्हिडिओ समोर आला होता. तिच्यावर वर्षभराची बंदी आली. सगळ्यात वरच्या पातळीवरही शॉर्टकटचा मोह असतो हे त्यातून जगाला दिसलं. त्यामुळे वरातीच्या घोड्याला नावं ठेवून युरोपचं सगळंच शुद्ध मानायचं कारण नाही. पुठ्ठा आणि पाठ बघायची कसोटी दोन्हीकडे सारखीच लावायची.

पॅरिसला भारताकडून अनुष अगरवाला उतरला. ऑलिम्पिक ड्रेसाजमध्ये भारताचं ते पहिलंच पाऊल. आपले हे स्वार युरोपात राहून का शिकतात, असा प्रश्न येतो. शिक्षक तिकडे आहेत हे एक कारण. दुसरं कमी माहीत असलेलं: घोड्यांच्या रोगांबाबतच्या नियमांमुळे भारतातला घोडा युरोपात स्पर्धेला नेणंच अवघड राहिलंय. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रात जागतिक मान्यतेचा रोगमुक्त विभाग झाला, त्यामुळे हे चित्र बदलू शकतं.

शिकायचं असेल तर

महाराष्ट्रात बहुतेकांची घोडेस्वारी माथेरान किंवा महाबळेश्वरला होते: पुढे घोडेवाले दादा, वर आपण, दोन्ही हातांत जीनची मूठ. त्यात मांड शिकता येत नाही आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. शिकण्याच्या जागा वेगळ्या. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४२ पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये विद्यार्थ्यांना घोडेस्वारी शिकवतात. खासगी शाळाही आता बऱ्याच निघाल्यात आणि त्यांचा दर्जा एकसारखा नाही.

शाळा निवडताना इन्स्टाग्रामवरची उडी मारणारी रील बाजूला ठेवा आणि एक दिवस नुसतं जाऊन बघा. नवशिक्याला पहिल्या दिवशी लांब दोरीवर घेतात की लगाम देऊन सोडून देतात? जीन काढल्यावर घोड्याच्या पाठीवर घट्टे, पांढरे केस किंवा जखमा आहेत का? पांढरे केसांचे ठिपके बहुतेकदा जुन्या जखमांच्या खुणा असतात. शिक्षक ‘लगाम खेच’ जास्त ओरडतो की ‘श्वास सोड, खाली बस’? हेल्मेट सक्तीचं आहे का, आणि ते डोक्याला नीट बसतं का?

मग पहिले काही आठवडे तुम्हाला कंटाळा येईल, मांड्या दुखतील आणि रील टाकण्यासारखं काहीच मिळणार नाही. गोल फिरायचं, हात बाजूला पसरायचे, डोळे मिटून चालीचे चार ठोके मोजायचे. ज्या दिवशी डोळे मिटून घोड्याचा मागचा कोणता पाय आता जमिनीला टेकला ते सांगता येईल, त्या दिवशी चांगला शिक्षक लगाम हातात देतो.